शब्दकोडें अडलें असतां

सकाळचें वृत्तपत्र हातीं येतांच पहिल्या पानावरील राजकारणाकडे क्षणभर दृष्टि टाकून जे वाचक थेट आंतील काळ्यापांढऱ्या चौकटीकडे वळतात, त्यांची संख्या जगांत लहान नाहीं. चहा निवत असतो, कचेरीची वेळ जवळ येत असते, आणि शेवटचीं दोनतीन घरें कांहीं केल्या भरत नाहींत. अशा वेळीं शेजारीं बसलेल्या मनुष्यास विचारावें, कोश उघडावा, कीं दुसऱ्या दिवशीं छापून येणाऱ्या उत्तराची वाट पाहावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु थोडा विचार केला असतां असें आढळून येतें कीं, साह्य कोणतें घ्यावें, किती घ्यावें आणि कोणत्या क्रमानें घ्यावें, याचें एक लहानसें शास्त्रच या चौकटीच्या पोटांत दडलेलें आहे. अडलेल्या मनुष्याला उत्तर सांगणें निराळें आणि वाट दाखविणें निराळें. हा भेद शब्दकोड्याइतक्या स्पष्टपणें दाखविणारें दुसरें साधन क्वचितच सांपडेल.

गूढ शब्दांपाशीं थांबावें लागणें भारतीयांस नवें नाहीं. महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आपली लेखणी थांबतां कामा नये अशी अट गणेशानें घातली, तेव्हां अर्थ कळल्यावांचून एकहि अक्षर लिहूं नये अशी उलट अट व्यासांनीं घातली. आणि मधून मधून असे कूटश्लोक रचले कीं, त्यांच्यापाशीं साक्षात् बुद्धिदात्यालाहि क्षणभर थांबावें लागे. पुढें संस्कृत पंडितांनीं अशा रचनांचे प्रकारहि पाडले. जिचें उत्तर श्लोकाच्या शब्दांतच लपलेलें असतें ती अंतर्लापिका, आणि जिचें उत्तर बाहेरून आणावें लागतें ती बहिर्लापिका. अडणें ही लाजेची गोष्ट नाहीं, हा या परंपरेचा पहिला धडा. आणि उत्तर आंत आहे कीं बाहेर आहे हें आधीं पाहावें, हा दुसरा.

आजच्या स्वरूपांतील शब्दकोडें मात्र पाश्चात्त्य वृत्तपत्रांचें अपत्य आहे. मूळचे लिव्हरपूलचे ऑर्थर विन यांनीं २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या अंकांत हिऱ्याच्या आकाराचें एक कोडें छापलें, आणि तेंच या प्रकारचें आद्य कोडें म्हणून ओळखलें जातें. १९२४ सालीं सायमन आणि शूस्टर या नवख्या प्रकाशकद्वयानें सोबत पेन्सिल जोडलेलें कोड्यांचें पुस्तक बाजारांत आणलें, आणि अमेरिकेंत या छंदाची जणूं सांथ पसरली. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कोड्याबरोबरच साह्याचा प्रश्नहि जन्मास आला. न्यू यॉर्क येथील सार्वजनिक ग्रंथालयानें त्याच सुमारास तक्रार केली कीं, कोडीं सोडविणाऱ्यांची झुंबड कोशांवर आणि ज्ञानकोशांवर पडल्यामुळें खऱ्या अभ्यासकांना ते ग्रंथ मिळेनासे झाले आहेत. उत्तरासाठीं कोशाची पानें उलटीत बसणें हीच त्या काळीं साह्याची मुख्य रीत होती, कारण बहुतेक सूत्रें सरळ अर्थाचीं असत. शब्द ठाऊक असला तर लिहावा, नसला तर शोधावा, एवढाच तो व्यवहार होता.

इंग्लंडांत हें कोडें गेलें आणि त्याचा स्वभाव पालटला. ‘डेली टेलिग्राफ’ पत्रानें ३० जुलै १९२५ रोजीं आपलें पहिलें कोडें छापलें. ‘द टाइम्स’नें १ फेब्रुवारी १९३० पर्यंत वाट पाहिली. दरम्यान ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत एडवर्ड पॉइस मॅथर्स हे स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या कठोर अधिकाऱ्याचें, टॉर्केमाडाचें, नांव धारण करून वाचकांचा छळ करूं लागले होते. त्यांच्या हातीं कोड्याचें सूत्र सरळ राहिलें नाहीं. सूत्राचा एक भाग उत्तराचा अर्थ सांगूं लागला, आणि दुसरा भाग त्याच उत्तराच्या अक्षरांची जुळणी सांगूं लागला. वर दोन्हीं भाग मिळून वाचकाला भलत्याच चित्राकडे नेणारें एक साळसूद वाक्य तयार होऊं लागलें. ही अंतर्लापिकाच, केवळ वेष इंग्रजी.

ही कला कानाला कळावी म्हणून मराठींतील चार उदाहरणें घेतां येतील. ‘नायक मलयदेशींचा, त्याच्या पोटांत एक फूल’ हें सूत्र घ्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एखादा अद्भुत नाटकांतील राजपुत्र उभा राहतो. पण ‘नायक’ आणि ‘मलय’ हे दोन शब्द लागोपाठ लिहिले असतां त्यांच्या पोटांत ‘कमल’ बसलेलें आढळतें. ‘उलट वाहणारी नदी गरीब’ यांत भूगोलाचा कांहीं संबंध नाहीं. ‘नदी’ हा शब्द उलटा वाचला कीं ‘दीन’ होतो. ‘हातापुढें शूर, तें कोल्हापूर’ येथें हात म्हणजे कर, शूर म्हणजे वीर, आणि करवीर हें कोल्हापूरचें जुनें नांव. चौथें सूत्र ‘रजनी विस्कटली, कमळ उमललें’ असें काव्यमय आहे. तथापि कवीला येथें कांहीं काम नाहीं. ‘रजनी’ या शब्दाचीं अक्षरें विस्कटून पुन्हां मांडलीं कीं ‘नीरज’ होतें, आणि नीरज म्हणजे कमळ.

या चारहि उदाहरणांत एक समान गुण आहे, आणि साह्याचा सारा विचार त्या गुणावर उभा आहे. उत्तर सांपडलें कीं तें दोन बाजूंनीं पटतें; अर्थानेंहि पटतें आणि अक्षरांनींहि पटतें. सोडविणाऱ्याला उद्यांच्या अंकाची साक्ष काढावी लागत नाहीं. ‘ॲफ्रिट’ या नांवानें कोडीं रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनीं १९४९ सालीं या धंद्याचा नीतिनियमच सांगून ठेवला. त्याचा आशय असा कीं, रचनाकाराच्या मनांतील अर्थ वरवरच्या अर्थाहून निराळा असला तरी चालेल, मात्र जें त्याला सुचवावयाचें आहे तें त्याच्या शब्दांतून न्यायानें निघालें पाहिजे. त्याच परंपरेंतील ‘झिमेनीझ’, म्हणजे डी. एस. मॅकनट, यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत या न्यायाचे नियम विस्तारानें मांडले. फसवावें, पण खोटें बोलूं नये, हें त्यांचें सार.

जेथें हा न्याय नसतो तेथें साह्यहि संभवत नाहीं. समजा, एका कोड्यांत ‘उन्हाळ्यांत हें मिळालें म्हणजे माणूस सुखावतो’ एवढेंच सूत्र आहे, आणि दोन घरांपैकीं दुसऱ्यांत ‘ल’ पडला आहे. उत्तर ‘जल’ कीं ‘फल’? दोन्हीं शब्द सारखेच बसतात, आणि एकाला टाकून दुसरा घेण्यास कारण म्हणून कांहीं उरत नाहीं. पंडिताला विचारलें तरी तो नाणें उडविण्यापलीकडे काय करणार? मोठमोठ्या बक्षिसांचीं जीं शब्दकोडीं विसाव्या शतकाच्या मध्याला या देशांत चालत, त्यांच्यावर हाच आक्षेप होता. तत्कालीन मुंबई राज्यांत १९४८ सालच्या कायद्यानें अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविण्यांत आला. बंगलोरहून चालणाऱ्या एका स्पर्धेचें प्रकरण त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९५७ सालीं त्या न्यायालयानें ती स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरविली. मध्यंतरीं १९५५ सालीं केंद्रीय कायदा झाला होता, आणि त्यानें अशा स्पर्धांतील बक्षिसाला महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली होती. प्रवेशमूल्य पाठवून बंद पाकिटांतील उत्तराची वाट पाहणारा मनुष्य आणि चौकटीपुढें कपाळाला आठ्या घालून बसलेला मनुष्य हे दुरून सारखेच दिसतात. परंतु पहिल्याला कोणी साह्य करूं शकत नाहीं, दुसऱ्याला करूं शकतो. पहिला दैवापुढें बसलेला असतो, दुसरा एका न्यायी रचनेपुढें.

आतां साह्याचा क्रम पाहूं गेल्यास पहिलें साह्य चौकटच देते. एका आडव्या शब्दाचीं साधारणतः निम्मीं अक्षरें उभ्या शब्दांशीं सामाईक असतात. म्हणून एका जागीं अडल्यास शेजारचें दार ठोठवावें. दुसरें साह्य सूत्राच्या रचनेंत असतें. उत्तराचा अर्थ सांगणारा भाग बहुधा सूत्राच्या आरंभीं किंवा शेवटीं असतो, मध्यें नसतो. तो कोणता हें ठरलें कीं अर्धी लढाई जिंकली. तिसरें साह्य काळाचें. चौकट घडी करून ठेवली आणि दोन तासांनीं उघडली, तर सकाळीं दगडासारखा वाटलेला शब्द कित्येकदां आपण होऊन बोलूं लागतो. कारण पहिल्यानें मनांत बसलेला चुकीचा अर्थ मधल्या अवधींत सैल झालेला असतो. चौथें साह्य कोशाचें. इंग्रजी कोडीं सोडविणाऱ्यांत चेंबर्सच्या कोशाला मोठा मान आहे. तसाच ॲन ब्रॅडफर्ड या बाईंचा १९८६ सालचा कोश खास कोडीं सोडविणाऱ्यांसाठींच रचलेला आहे, आणि तो त्यांनीं स्वतः वर्षानुवर्षें कोडीं सोडवीत असतां टिपून ठेवलेल्या शब्दांतून सिद्ध झाला. पाचवें साह्य दुसऱ्या मनुष्याचें, आणि अगदीं शेवटचें छापील उत्तराचें.

या पाचव्या साह्याविषयीं दोन शब्द अधिक सांगणें अवश्य आहे, कारण तेथेंच बहुतांची चूक होते. कल्पना करावी कीं, एका घरीं सेवानिवृत्त झालेले वृद्ध सासरे ओसरीवर वृत्तपत्र घेऊन बसले आहेत आणि सून आंत पोळ्या लाटीत आहे. रजनीचें तें सूत्र सासऱ्यांना अडलें आहे. शेवटच्या घरांत ‘ज’ मिळाला आहे, एवढाच आधार. “सूनबाई, ही रजनी कांहीं केल्या सुटत नाहीं हो,” असें ते म्हणतात. सुनेला उत्तर तत्काळ दिसतें. तें तिनें उच्चारलें तर सूत्र सुटेल, पण म्हाताऱ्याची सकाळ संपेल. म्हणून ती एवढेंच म्हणते, “मामंजी, कमळाला आपल्याकडे नांवें किती आहेत!” मामंजी बोटांवर मोजूं लागतात: पंकज, सरोज, जलज, नीरज. सगळींच तीन अक्षरीं, सगळींच ‘ज’नें संपणारीं! ते पुन्हां अडतात. तेव्हां ती दुसरें बोट दाखविते, “आणि विस्कटलें कोण, मामंजी?” क्षणभर शांतता होते, आणि मग ओसरीवरून जो हर्षोद्गार ऐकूं येतो तो मामंजींचा स्वतःचा असतो, उसना नसतो. सुनेनें दोन प्रश्न दिले, उत्तर दिलें नाहीं. चार कमळांतून एकच कमळ कां खरें, हें त्यांना स्वतःला दिसलें. आणि उद्यां दुसरें कांहीं विस्कटलेलें पुढें आलें, तर त्यांना स्वयंपाकघराकडे पाहावें लागणार नाहीं.

असें साह्य इंग्रजी कोडें सोडविणाऱ्या भारतीय वाचकाला विशेष हवें असतें. मद्रासच्या ‘द हिंदु’ पत्रांत १९७१ सालीं गूढ शब्दकोडें सुरू झालें, आणि प्रारंभींच्या काळांत तें रचण्याचें काम नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी यांनीं केलें. अशीं कोडीं हातीं घेणारे कितीएक सुशिक्षित लोक चार दिवस झगडून तीं टाकून देतात, आणि आपली बुद्धि किंवा आपलें इंग्रजी कमी पडलें अशी खंत मनांत बाळगतात. वस्तुतः उणीव बुद्धीची नसते, संकेतांच्या परिचयाची असते. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल हें शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें. परंतु ‘फ्लो’ म्हणजे वाहणें या धातूला कर्त्याचा प्रत्यय लावला असतां लिहिण्यांत तोच शब्द होतो आणि त्याचा अर्थ ‘वाहणारी’, म्हणजे नदी, असा घेतां येतो, हें कोणी सांगितल्यावांचून कसें कळावें? एकदां कळलें कीं मात्र पुढचीं कितीएक फुलें त्याच्यापुढें नद्या होऊन वाहूं लागतात. अशा वाचकाला कोणी रोज उत्तरें पुरविलीं तर तो वर्षानंतरहि तेथेंच राहील. महिनाभर रोज एका उत्तराचें कारण समजावून दिलें तर पुढें तो आपल्या पायांनीं चालेल. छापील उत्तरहि याच रीतीनें उपयोगांत आणावें. दुसऱ्या दिवशींचा अंक आल्यावर रिकामीं घरें नुसतीं भरून टाकूं नयेत. उत्तर हातीं धरून कालच्या सूत्राकडे परत जावें, आणि तें तसें कां, हें उलगडल्याखेरीज पान उलटूं नये.

शब्द कोठून आला हें न विचारतां घेतलेलें साह्य कधीं कधीं किती गोंधळ उडवितें, याचें एक उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासांत आहे. ‘डेली टेलिग्राफ’साठीं कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते; युद्धामुळें ती शाळा लंडनहून सरे परगण्यांतील एफिंगम येथें हलविलेली होती. १९४४ च्या मे महिन्यांत त्यांच्या कोड्यांतून ‘युटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ हीं उत्तरें एकामागून एक निघालीं, आणि १ जून रोजीं ‘नेपच्यून’ निघालें. हीं सर्व नॉर्मंडीवरील नियोजित स्वारीचीं गुप्त नांवें होतीं, आणि ६ जूनला ती स्वारी व्हावयाची होती. गुप्तहेर खात्यानें मुख्याध्यापकांची कसून चौकशी केली. त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें. पुढें १९८४ सालीं त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानें असें सांगितलें कीं, गुरुजी रिकाम्या चौकटींत शब्द भरण्याचें काम मुलांना देत असत, आणि जवळच्या छावणींतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यानें त्यांत घातले होते. ही हकीकत सर्वांनाच पटलेली नाहीं. पण ती खरी धरली तर गुरुजींनीं मुलांकडून शब्द घेतले, शब्दांची वाट विचारली नाहीं. आणि जें साह्य त्यांनीं सहज घेतलें त्याचा जाब त्यांना युद्धकाळांत द्यावा लागला.

आज साह्याची वाण मुळींच उरलेली नाहीं. दोन अक्षरें आणि रिकाम्या घरांची संख्या सांगितली कीं संगणक क्षणार्धांत बसणाऱ्या सर्व शब्दांची यादी पुढें करतो. न्यू यॉर्कच्या ग्रंथालयांत ज्यासाठीं झुंबड उडाली तें आतां घरबसल्या मिळतें. हें साधन निंद्य नाहीं. कोश निंद्य नसेल तर यादीहि नाहीं. परंतु पंकज, सरोज, जलज, नीरज अशी यादी हातीं आली तरी निवड उरतेच, आणि ती निवड कारणानें केली कीं अंदाजानें, यावर कोडें सुटलें कीं केवळ भरलें, हें ठरतें.

आणि स्वतः सोडविलेल्या शब्दाचें वजन काय असतें, याची साक्ष लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राच्या वाचकांनीं दिली आहे. ‘अराकेरिया’ या नांवानें जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक १९५८ पासून त्या पत्रासाठीं कोडीं रचीत. जानेवारी १९१३ मध्यें नव्हे, तर त्या पहिल्या कोड्याच्या शंभराव्या वर्षीं, म्हणजे जानेवारी २०१३ मध्यें, त्यांचें एक कोडें छापून आलें. त्याच्या माथ्यावर एक लहानशी सूचना होती: रचनाकाराला अमुक घरांतील व्याधि झाली आहे, आणि तिच्यावर तमुक घरांतील उपचार चालू आहेत. वाचकांनीं पेन्सिली उचलल्या, घरें भरलीं, आणि अन्ननलिकेचा कर्करोग हे शब्द त्यांच्याच हातून कागदावर उतरले. उपचार म्हणून जें निघालें तें वेदना शमविण्यापुरती शुश्रूषा एवढेंच होतें. एक्क्याण्णव वर्षांच्या त्या वृद्धानें आपली वार्ता आपल्या वाचकांना सांगितली नाहीं, सोडवूं दिली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते निवर्तले. ती सकाळ ज्यांनीं अनुभवली, त्यांच्यापैकीं कोणाच्या शेजाऱ्यानें घाईनें उत्तर सांगून टाकलें असेल, तर त्यानें साह्य केलें असें म्हणवणार नाहीं.

म्हणून अडलेल्यानें साह्य अवश्य मागावें. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र ‘शब्द कोणता’ असें न विचारतां ‘चुकतें कोठें’ असें विचारावें. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यानें तें क्षणभर ओठांआड ठेवून एक चांगला प्रश्न पुढें करावा. रिकामें घर भरण्यास एक अक्षर पुरतें. परंतु भरणाऱ्याचा आनंद राखण्यास थोडा संयम लागतो, आणि तो दुसऱ्यानें दाखवावयाचा असतो.